बरोबरी ही छोट्या क्लबची कमाई होती

एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेतून फेरलढत, म्हणजे बरोबरी झाली तर दुसऱ्या क्लबच्या मैदानावर पुन्हा खेळायचा सामना (रिप्ले), गेल्यापासून तिथे जो वाद चालू आहे, तो दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढवला जातो आहे. एप्रिल २०२४ मध्ये स्पर्धा भरवणारी फुटबॉल असोसिएशन (एफए) आणि प्रीमियर लीग यांनी सहा वर्षांचा करार जाहीर केला. त्यानुसार २०२४-२५च्या हंगामापासून पहिल्या मुख्य फेरीपासून पुढचे सगळे रिप्ले बंद झाले; बरोबरी झाली तर त्याच दिवशी जादा वेळ आणि मग पेनल्टी. तेव्हापासून एका बाजूला ‘दीडशे वर्षांची परंपरा बुडाली’ म्हणून गळा काढणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला ‘आजच्या वेळापत्रकात असल्या हळवेपणाला जागा कुठे?’ असं विचारणारे व्यवहारी लोक. भांडण एवढं, पण रिप्ले हा आठवणींचा मामला आहे हे दोघांनाही मान्य! मला तेच मान्य नाही. रिप्ले ही स्पर्धेच्या यंत्रणेतली एक कामाची तरतूद होती. तिच्यातून नॉन-लीग क्लबला, म्हणजे वरच्या चार स्तरांच्या खाली खेळणाऱ्या क्लबला, दोन गोष्टी मिळत: मोठ्या मैदानाच्या गल्ल्यातला वाटा, आणि नव्वद मिनिटं टिच्चून उभं राहिल्याचं फळ. दोन्ही काढून घेतल्या गेल्या, आणि बदल्यात जे दिलं ते त्यांची जागा भरून काढत नाही.

आधी स्पर्धेची रचना पाहू, कारण वादातली निम्मी विधानं ती न पाहताच केली जातात. दरवर्षी सातशेहून अधिक क्लब उतरतात. ऑगस्टमध्ये पात्रता फेऱ्या सुरू होतात, त्या एकूण सहा. पाचव्या स्तरावरच्या नॅशनल लीगचे क्लब चौथ्या पात्रता फेरीत येतात, सहाव्या स्तरावरचे दुसऱ्या पात्रता फेरीत. यातून उरलेले ३२ क्लब पहिल्या मुख्य फेरीत लीग वन आणि लीग टू या तिसऱ्या-चौथ्या स्तरांवरच्या ४८ क्लबना भेटतात. वरच्या दोन स्तरांचे, म्हणजे प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपचे ४४ क्लब थेट तिसऱ्या फेरीत, जानेवारीत उगवतात. ही व्यवस्था १९२५-२६पासून जवळपास अशीच आहे. म्हणजे सहाव्या स्तरावरचा क्लब तिसऱ्या फेरीपर्यंत येतो तेव्हा त्याने पाच सामने जिंकलेले असतात, आणि समोरचा मोठा क्लब त्या दिवशी पहिला सामना खेळत असतो. २०२४-२५ मध्ये सुरुवातीच्या पात्रता फेरीत जिंकणाऱ्याला हजार-बाराशे पौंड मिळाले; करंडक जिंकणाऱ्याला २० लाख पौंड. या उतरंडीत नॉन-लीग क्लबच्या वाट्याला मोठी रक्कम येण्याची जागा एकच, ती म्हणजे तिसरी फेरी आणि तिथून पुढचे एक-दोन सामने.

आता इतिहास. १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, त्यानंतर लीगबाहेरच्या एकाच क्लबने हा करंडक जिंकला: १९०१ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने. तेव्हा तो सदर्न लीगमध्ये होता. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर लाखाहून अधिक लोकांसमोर शेफील्ड युनायटेडशी अंतिम सामना २-२ असा सुटला, आणि बोल्टनला झालेल्या फेरलढतीत स्पर्स ३-१ने जिंकले. १९०९ मध्ये, आदल्या वर्षीच करंडक जिंकलेल्या वुल्व्ह्‌जना क्रिस्टल पॅलेस या सदर्न लीगच्याच क्लबने बाहेर काढलं. वुल्व्ह्‌जच्या घरी २-२, मग स्वतःच्या घरी ४-२. १९७२ मध्ये हेरफर्ड युनायटेडने न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर २-२ असं रोखलं आणि घरच्या एडगर स्ट्रीट मैदानाच्या चिखलात फेरलढत २-१ने जिंकली. २००७ मध्ये आठव्या स्तरावरचा चेसटाउन पोर्ट व्हेलच्या मैदानावर १-१ करून आला आणि घरी १-०ने जिंकला. त्याच हंगामात हॅव्हंट अँड वॉटरलूव्हिलने स्वान्सीत १-१, मग घरी ४-२ असा विजय मिळवला आणि पुढच्या फेरीत अ‍ॅनफील्डवर जाऊन लिव्हरपूलविरुद्ध दोनदा आघाडीही घेतली. (शेवटी हरले, ५-२.) २०१७ मध्ये लिंकन सिटीने इप्सविचला त्यांच्या मैदानावर २-२, घरी १-० अशी मात दिली, मग ब्रायटन आणि बर्नलीला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९१४ नंतर नॉन-लीग क्लब तिथवर पोचला तो हा पहिलाच.

या यादीतला समान धागा पाहा. ‘आधी बाहेर बरोबरी, मग घरी विजय’ हा क्रम १९०९ पासून २०१७ पर्यंत पुन्हा पुन्हा येतो. ‘छोट्या क्लबला घरच्या मैदानावर एकच सामना दिला तर चमत्काराची शक्यता वाढते’ असं रिप्ले बंद करणाऱ्यांचे समर्थक सांगतात, तेव्हा ते सोडतीतली निम्मी नावं विसरतात. सोडतीत जो दुसरा निघतो तो पाहुणा असतो, आणि निम्म्या वेळा तो पाहुणा छोटा क्लब असतो. त्याच्यासाठी नव्या नियमाचा अर्थ काय? मोठ्या मैदानावर नव्वद मिनिटं झुंजून बरोबरी साधायची, आणि बक्षीस म्हणून त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांसमोर आणखी अर्धा तास खेळायचा. हेरफर्डचा न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवरचा सामना आजच्या नियमाने खेळला असता, तर फेरलढतीतला रॉनी रॅडफर्डचा तो बरोबरीचा गोल व्हायला एडगर स्ट्रीटवर सामनाच झाला नसता.

हेरफर्डचं प्रकरण नीट उलगडायला हवं, कारण त्याचा परिणाम एका दुपारीपुरता नव्हता. शेवटची काही मिनिटं उरली असताना मॅल्कम मॅकडोनाल्डने न्यूकॅसलला पुढे नेलं, रॅडफर्डने लांबून मारलेल्या फटक्याने बरोबरी झाली, आणि बदली खेळाडू रिकी जॉर्जने जादा वेळेत विजयी गोल केला. पुढच्या फेरीत वेस्ट हॅमशी घरी ०-० झालं, तेव्हा लंडनला जाऊन पुन्हा फेरलढत खेळावी लागली. कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे वीजकपात होती, म्हणून ती सोमवारी भर दुपारी झाली. तरीही अप्टन पार्कवर ४२,००० लोक आले. हेरफर्ड ३-१ने हरले. जेफ हर्स्टने तिन्ही गोल केले. त्या काळी लीगमध्ये बढती गुणांवर मिळत नसे, लीगचे क्लब मतदान करत. उन्हाळ्यात त्या मतदानात बॅरोला वगळून हेरफर्डला घेतलं गेलं. दोन रिप्लेंनी या क्लबचं नाव मतदारांपर्यंत पोचवलं नसतं तर? थेट बढतीचा दरवाजा १९८७ मध्ये उघडला. तोपर्यंत लीगच्या क्लबांसमोर आपली लायकी दाखवायला नॉन-लीग क्लबकडे एफए कपशिवाय दुसरं मोठं व्यासपीठ नव्हतं.

आता पैशांकडे वळू. इथे ‘छोट्यांना फायदा होतो’ असं मोघम बोलून चालत नाही. तिसऱ्या फेरीच्या सामन्याच्या गल्ल्यातून कर आणि सामन्याचा खर्च वजा होतो: पंच, पोलीस, स्टुअर्ड (प्रेक्षकांची व्यवस्था पाहणारे कर्मचारी), पाहुण्यांचा प्रवास. उरलेल्यातले ४५ टक्के यजमानांना, ४५ टक्के पाहुण्यांना आणि १० टक्के सामाईक निधीत जातात. लीगच्या सामन्यात गल्ला यजमानांचा असतो. कपमध्ये तो वाटला जातो, आणि सगळी गंमत या फरकात आहे. पाहुण्यांना मैदानाच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत तिकिटं मागता येतात. एक ढोबळ हिशेब मांडू. ४,००० क्षमतेच्या मैदानावर २० पौंडाने सगळी तिकिटं खपली तर गल्ला ८०,००० पौंड. कर-खर्च जाऊन वाटणीत हाती पंचवीस-तीस हजार. ५०,००० लोक आले, तिकीट तेच २० पौंड, तर गल्ला १० लाख. त्यात धरलेला, मूळ किमतीवरचा २० टक्के व्हॅट गेला की राहतात सव्वाआठ लाखांच्या वर. आणखी लाखभर खर्च धरला तरी ४५ टक्क्यांचा वाटा सव्वातीन लाखांच्या घरात जातो. दूरचित्रवाणीचे पैसे वेगळेच. पाचव्या-सहाव्या स्तरावर एवढ्या रकमेतून संघाचे वर्षभराचे पगार निघू शकतात, फ्लडलाइट बदलता येतात, गवताच्या जागी कृत्रिम टर्फ घालून ते आठवडाभर भाड्याने देता येतं.

एक्सेटर सिटी २००३ मध्ये लीगमधून खाली घसरला तो कर्जात बुडूनच. चाहत्यांच्या ट्रस्टने तो ताब्यात घेतला. जानेवारी २००५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,५५१ लोकांसमोर त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं. घरची फेरलढत ते २-०ने हरले, पण या दोन सामन्यांच्या उत्पन्नातून धनकोंशी ठरलेली तडजोडीची रक्कम फेडण्याला मोठा हातभार लागला. पुढच्याच वर्षी बर्टन अ‍ॅल्बियनने त्याच युनायटेडला आपल्या नव्या कोऱ्या, सात हजारांहून कमी क्षमतेच्या मैदानावर ०-० रोखलं. ओल्ड ट्रॅफर्डला ते ५-०ने हरले. सुमारे ११,००० बर्टनकर बरोबर गेले होते. एक्सेटर २००८ मध्ये लीगमध्ये परतला, बर्टन २००९ मध्ये पहिल्यांदा आत गेला. फक्त या सामन्यांमुळे असं मी म्हणणार नाही, पण पायाखालची जमीन त्या पैशाने घट्ट झाली, हे नाकारायचं कसं?

आता विरोधकांचे मुद्दे, आणि ते तगडे आहेत. पहिला: चमत्काराला रिप्ले लागत नाही. १९४९ मध्ये येओव्हिल टाउनने सुंदरलँडला हरवलं ते पहिल्याच सामन्यात, जादा वेळेत, २-१. युद्धोत्तर टंचाईच्या काळात आठवड्यातल्या मधल्या दिवशी सामने नकोत म्हणून त्या वर्षी पहिल्याच सामन्याला जादा वेळ जोडली होती. म्हणजे आजचा नियम तेव्हाही होता आणि छोट्याच्या बाजूने फळला! सटन युनायटेडने १९८९ मध्ये कव्हेंट्रीला, मेडस्टोनने २०२४ मध्ये इप्सविचला नव्वद मिनिटांतच संपवलं. याहून बोचरं उदाहरण टॅमवर्थचं. रिप्लेविना झालेल्या पहिल्याच हंगामात ते दुसऱ्या फेरीत बर्टनशी १-१ करून पेनल्टींवर जिंकले, आणि म्हणूनच तिसऱ्या फेरीत त्यांच्या घरी टॉटनहॅम आलं.

हे सगळं खरं आहे. पण येओव्हिलच्या काळात आणि आपल्या काळात एक फरक पडलाय, तो बाकावरचा. १९४९ मध्ये बदली खेळाडूच नव्हते. अकरा विरुद्ध अकरा, दोन्हीकडचे पाय सारखेच जड, वर येओव्हिलचं ते प्रसिद्ध उतरतं मैदान पाहुण्यांच्या पोटऱ्यांची परीक्षा घेणारं. हेरफर्डच्या वेळी एक बदल करता येत होता. आज पाच करता येतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करणारा, दिवसा नोकरी करणारा खेळाडू नव्वद मिनिटं शिस्तीने बचाव करू शकतो. त्याची दमछाक होते ती नेमकी ९०व्या मिनिटानंतर, पिंडऱ्यांत गोळे येतात तेव्हा. त्याच वेळी समोरून ताजे आंतरराष्ट्रीय खेळाडू उतरतात. १२ जानेवारी २०२५ रोजी टॅमवर्थमध्ये हेच घडलं. नव्वद मिनिटं ०-०. गोलरक्षक जस सिंग, पोटापाण्याचा धंदा इमारतींच्या सर्वेक्षणाचा, टॉटनहॅमसमोर भिंतीसारखा उभा. जादा वेळेसाठी सोन ह्युंग-मिन आणि कुलुसेव्हस्की मैदानात आले, आणि सामना ०-३ असा संपला. वर्षभर आधी हीच बरोबरी त्यांना लंडनच्या ६२,८५० आसनांच्या स्टेडियमवर घेऊन गेली असती. किडरमिन्स्टर हॅरियर्सची गोष्टही याच जातीची. फेब्रुवारी २०२२, कोविडनंतरच्या गर्दीत तिसऱ्या-चौथ्या फेरीचे रिप्ले तात्पुरते बंद होते. वेस्ट हॅमविरुद्ध सहाव्या स्तरावरचा हा क्लब ९०व्या मिनिटापर्यंत १-०ने पुढे. ९१व्या मिनिटाला डेक्लन राइसने बरोबरी केली आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी जॅरड बोवेनने सामना हिरावला. नव्वद मिनिटांच्या बरोबरीला एरवी जी किंमत होती, ती त्या दिवशी शून्य ठरली.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाले, वर काहींना बाद फेरीआधीच्या दोन लढती. खेळाडूंच्या दुखापती ही काही थाप नाही. हेही मान्य की जुन्या पद्धतीत अतिरेक होता. १९७१ मध्ये अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांची पात्रता लढत सहा सामने आणि ११ तास चालली; जिंकलेला अल्व्हचर्च पुढच्याच फेरीत हरला. १९९१ पासून एकच रिप्ले आणि मग पेनल्टी असं ठरलं ते योग्यच झालं. १९९९ नंतर उपांत्य आणि अंतिम फेरीचे, पुढे पाचव्या फेरीचे रिप्ले गेले, त्यावरही मी भांडणार नाही. पण मग उरलं काय होतं? मोठ्या क्लबसाठी तिसरी आणि चौथी फेरी, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त दोन फेरलढती. त्याही टाळायचा सोपा मार्ग होता: पहिलाच सामना जिंकायचा.

आणि ज्यांना या दोन तारखा जड झाल्या, त्यांनी बाकी काय सोडलं? लीग कपची उपांत्य फेरी आजही दोन टप्प्यांत खेळली जाते. मे २०२४ मध्ये प्रीमियर लीगचा हंगाम रविवारी संपला आणि बुधवारी टॉटनहॅम व न्यूकॅसल मेलबर्नमध्ये मैत्रीपूर्ण सामना खेळत होते. थकव्याची चिंता विमानतळावर राहिली असावी. हा प्रकार नवाही नाही. १९९९-२००० मध्ये गतविजेत्या मँचेस्टर युनायटेडने ब्राझीलमधल्या क्लब विश्वस्पर्धेसाठी एफए कपमधून माघार घेतली, तीही असोसिएशनच्याच पाठिंब्याने. इंग्लंडला २००६च्या विश्वचषकाचं यजमानपद हवं होतं. ते मिळालं जर्मनीला. वेळापत्रकात जागा कमी पडली की पहिली कात्री कुठे चालते, हे तेव्हाच दिसलं होतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो मोठ्या क्लबांकडून नव्हे, खालूनच येतो. बहुतेक रिप्ले ओल्ड ट्रॅफर्डवर होत नसतात. पहिल्या फेरीतले दोन छोटे क्लब, मंगळवारची ओली रात्र, आठशे प्रेक्षक, तीनशे किलोमीटरचा बसप्रवास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कामावर हजर होण्यासाठी रजा मागणारे खेळाडू. अशा सामन्यात स्टुअर्ड आणि विजेचा खर्च जाऊन हाती फारसं काही लागत नाही. वर लीगचे सामने पुढे ढकलले जातात आणि एप्रिलमध्ये आठवड्याला तीन सामने खेळायची पाळी येते. असे रिप्ले गेले तर कुणी रडू नये. सरसकट रिप्ले परत आणा म्हणणाऱ्यांनी या क्लबच्या खजिनदाराशी एकदा बोलून पाहावं.

चौथा मुद्दा न्यायाचा. एक्सेटरला युनायटेड मिळालं, शेजारच्या क्लबला मिळालं नाही. असा नशिबाचा पैसा वाटण्यापेक्षा प्रीमियर लीगने त्या करारात तळागाळातल्या फुटबॉलसाठी वर्षाला ३.३ कोटी पौंडांपर्यंत जास्तीचे देऊ केलेत, तेच बरं नाही का? ऐकायला समतेचं वाटतं. पण ज्या स्पर्धेत मानांकन नाही, जिथे कोण कोणाशी आणि कुठे खेळणार हे चेंडू काढून ठरतं, तिथे नशिबाचा आक्षेप फक्त या एकाच ठिकाणी का आठवावा? शिवाय अनुदान आणि गल्ल्याचा वाटा या दोन वेगळ्या जाती आहेत. गल्ल्यातला वाटा क्लबच्या हक्काचा असतो, तो नियमात लिहिलेला असतो आणि मैदानावर मिळवलेला असतो. अनुदान देणारा पुढच्या कराराच्या वेळी रक्कम कमी करू शकतो, अटी घालू शकतो. आणि तळागाळासाठीचा पैसा गावोगावच्या मैदानांवर खर्च झाला तर उत्तमच, पण त्यातून सहाव्या स्तरावरच्या क्लबच्या गोलरक्षकाचा पगार निघत नाही.

करार कसा झाला, हाही चर्चेचा विषय व्हायला हवा होता, पण त्यावर कमीच बोललं गेलं. मधल्या तीन स्तरांचा कारभार पाहणाऱ्या ईएफएलने जाहीरपणे सांगितलं की हा सौदा असोसिएशन आणि प्रीमियर लीग या दोघांतच झाला. असोसिएशनचं उत्तर होतं की निर्णय घेणाऱ्या समित्यांवर खालच्या लीगचेही प्रतिनिधी बसतात. दोन्ही खरं मानलं तरी प्रश्न उरतोच: सातशेहून अधिक क्लबांच्या स्पर्धेचा नियम, तिच्यात तिसऱ्या फेरीला येणाऱ्या वीस क्लबांशी वाटाघाटीत ठेवायची वस्तू कसा झाला?

तोडगा फार अवघड नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत आजचीच पद्धत राहू द्यावी. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दोन क्लबमध्ये किमान दोन स्तरांचं अंतर असेल आणि नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल, तर फेरलढत की जादा वेळ, याची निवड खालच्या क्लबने करावी. ती सामन्याच्या दिवशी घाईत नको. सोडतीनंतर आठवडाभरात लेखी कळवावी, म्हणजे पोलीस, प्रक्षेपक आणि नोकरदार खेळाडू या सगळ्यांना तारीख आधी ठाऊक असेल. फेरलढतीसाठी दहा दिवसांनंतरचा एकच मंगळवार-बुधवार राखून ठेवावा. ज्या क्लबचे युरोपातले सामने त्या आठवड्यात असतील त्यांनी दुसरा संघ उतरवावा, तेवढी भरती त्यांच्याकडे आहे. आणि खालच्या क्लबने जादा वेळ निवडली, तर त्या सामन्याच्या गल्ल्यात वरच्या क्लबचा ४५ टक्क्यांचा वाटाही खालच्या क्लबलाच मिळावा. तिसऱ्या फेरीपर्यंत पोचणारे नॉन-लीग क्लब बोटांवर मोजण्याइतकेच असतात, लीग वन-टूचे काही धरले तरी अशा बरोबऱ्या हंगामात तीन-चारच्या पुढे क्वचित जातील. मेलबर्नला जायला तीन दिवसांत सवड काढणाऱ्यांना एवढ्या तारखा सापडणार नाहीत, असं निदान त्यांनी तोंडाने म्हणून दाखवावं.